अकरा तोंडांचा रावण

आमच्या गल्लीत एक चित्रकार आहे. त्याने आयुष्यात एकही चित्र काढलेलं नाही. त्याच्या कार्डावर मात्र ठळक अक्षरांत छापलंय: 'परंपरागत कथाचित्रकार, सातवी पिढी'. सात पिढ्यांचं मी नाकारत नाही. पहिल्या सहा पिढ्या चित्रं काढायच्या. सातवी सही करते.

गल्ली त्याला सहीसाहेब म्हणते. तोंडावर म्हणते. त्याला तो मान वाटतो, यावरून काय ते समजा.

दिसायला म्हणाल तर अगदी चित्रकार. मानेवर रुळणारे केस, विचारपूर्वक वाढवलेली दाढी आणि सदऱ्याच्या खिशाला अडकवलेला कुंचला. त्या कुंचल्याचे केस इतके ताठ, की दुकानातून आल्यापासून त्यांना पाण्याचा थेंब शिवलेला नाही हे लांबूनच कळतं. आवाज भारदस्त. कुणी नवखा माणूस समोर आला की हा डोळे अर्धे मिटतो आणि सांगतो की रेष आपण काढत नसतो, ती आपल्यातून जाते. खरं आहे. याच्यातून ती गेली ती परत आलीच नाही.

काढते त्याची बायको. मी तिला वहिनी म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा तिला चित्रातलं काही कळत नव्हतं. कळत होतं ते सासूला. सासू म्हणजे सहावी पिढी. तिने आधी मुलाला बसवून बघितलं. हा दहा मिनिटं बसायचा, मग याची पाठ दुखायची, मग तहान लागायची, मग कोपऱ्यावरून मित्र हाका मारायचे, ज्या याच्याशिवाय कुणालाच ऐकू यायच्या नाहीत. शेवटी म्हातारीने कुंचला सुनेच्या हातात दिला. समारंभ काही केला नाही. एवढंच म्हणाली, की हिच्या मनगटाला घाई नाही. म्हातारी जाऊन आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्या घरातून बाहेर पडलेली प्रत्येक सीता, प्रत्येक जटायू, प्रत्येक समुद्रमंथन वहिनीच्या हातचं. आणि प्रत्येकाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, सहीसाहेबांची सही. तीही साधी नाही. वेलांट्या, फाटे, खालून एक लांबलचक फटकारा. हनुमान लंका जाळतो त्या पानावर शेपूट कुठं संपतं आणि सही कुठं सुरू होते ते शोधावं लागतं.

एकदा मी वहिनीला चिडूनच विचारलं, की तुला याचा राग कसा येत नाही. ती गेरू घोटत होती. मान वर न करता म्हणाली, सासूबाईंनी तरी कुठं सही केली, रावणाच्या पायाशी आपलं नाव कुणी लिहितं का. मी आणखी चिडले.

आता या चित्रांबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ही चित्रं मुळात भिंतीवर टांगायची नव्हेतच. जुन्या काळी समोर माणसं बसायची आणि कथा सांगणारा एकेक पान छातीशी धरून दाखवायचा. एका कथेची तीस-चाळीस पानं, त्या जुडग्याला पोथी म्हणायचं. पान म्हणजे दोन कागद, खळ लावून पाठीला पाठ चिकटवलेले, दोन्ही बाजूंना चित्र. एका बाजूचं सांगून झालं की पान उलटायचं.

आणि रावणाच्या सभेचं पान. तिथं या घराची स्वतःची एक खोड होती. तोंडं दहा, म्हणजे मधलं मोठं सोडलं तर उरतात नऊ. चार एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. मग रावण एका अंगाला कलतो, मुकुट तिरके दिसतात, सिंहासनाचा तोल जातो. बाकीची घराणी कुठंतरी एक तोंड कोंबून वेळ मारून नेत. या घराने तसं केलं नाही. यांनी पुढच्या बाजूला नऊच काढली. मधे एक, इकडे चार, तिकडे चार. सगळी मिशा पिळून सभेत गरजतायत. सांगणारा त्यांना भरपूर गरजू द्यायचा, समोरच्यांना तोंडं मोजायला लावायचा, आणि मग सावकाश पान उलटायचा. मागच्या बाजूला तेच सिंहासन पाठीकडून. तिथं दहावं तोंड. ते गरजत नाही. त्याच्यासमोर मंदोदरी बसलीय, तिने हात उचललाय, ती सांगतेय की परक्याची बायको परत पाठव. आणि ते तोंड ऐकतंय. नऊ सभेला आणि एक बायकोला, असं म्हातारी सांगायची. एकाचं नवांपुढं काही चाललं नाही, हीच पुढची सगळी कथा.

आता कथा सांगणारं कुणी उरलं नाही. लोक पान घेतात आणि फ्रेमवाल्याकडे टाकतात. फ्रेमवाला मागच्या बाजूला सरस फासून ते पुठ्ठ्यावर डकवतो. किती घरांत आणि हॉटेलांत ती दहावी तोंडं पुठ्ठ्याला नाक लावून बसली असतील, देव जाणे. वहिनीला हे ठाऊक आहे. तरी ती मागची बाजू काढते, तेवढाच वेळ घालवून, तेवढेच दागिने घालून. का, तर लोकांना अर्धा रावण कसा द्यायचा.

सहीसाहेबांनी मात्र इतक्या वर्षांत कधी पान उलटून पाहिलं नाही. त्यांचं काम पुढच्या बाजूला.

तर आता खोलीचं. आमच्या भागात एक जुनं तीन मजली गोदाम आहे. ते कारागिरांना कामासाठी दिलंय. ज्याच्याकडे कारागीर म्हणून ओळखपत्र, त्याला एक खोली. यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं एकसारखा उजेड असतो, ऊन आत येत नाही, सावली हलत नाही. घरी यांच्याकडे दीड खोली. अर्धीत स्वयंपाक, वाफेने कागद फुगतो, आणि दिव्याच्या उजेडात वहिनीला गेरूचा लाल आणि शेंदराचा लाल वेगळे दिसत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरनी तिला स्पष्ट सांगितलंय की बारीक काम दिवसाच्या उजेडातच. खोली गेली म्हणजे तिचं काढणं गेलं. ओळखपत्र अर्थातच नवऱ्याच्या नावावर. सातवी पिढी ना.

मी कारागिरांचे अर्ज लिहिते, त्यांच्यासाठी कचेरीत भांडते. मागच्या वर्षी आमच्या लक्षात आलं की गोदामातल्या निम्म्या खोल्यांत कारागीर नाहीतच. एकीत गाद्या, एकीत पाण्याच्या बाटल्या, एकीत कुणाचा तरी मेहुणा. आम्ही पंधरा दिवस पायऱ्यांवर बसलो आणि नियम बदलून घेतला. यापुढे ओळखपत्राची मुदत संपली की अर्जदाराने समितीसमोर बसून हाताने काम करून दाखवायचं. तरच नवं ओळखपत्र, तरच खोली. आम्ही फटाक्यासारख्या टाळ्या वाजवल्या. पहिल्याच यादीत सहीसाहेबांचं नाव आलं.

मी त्याच संध्याकाळी यांच्या घरी गेले. म्हटलं, अर्ज वहिनीच्या नावाने करा, पाच मिनिटांत लिहून देते. सहीसाहेब दुखावले. घराणं त्यांचं, रक्त त्यांचं, बाहेरून आलेल्या बाईचं नाव लागलं तर आजोबांना काय वाटेल, असं बरंच बोलले. आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती आणि ते रंगाला माती म्हणायचे, एवढंच मला म्हातारीकडून माहीत होतं. मी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, राहू दे ताई, वाद घालत बसलो तर तारीख जाईल. मला खिडकी हवीय.

मग त्यांनी एक युक्ती काढली. युक्ती वहिनीची, पुढे सांगताना ती साहेबांची झाली. समिती कामाला फक्त एक तास देते. एका तासात पान पुरं होत नाही हे समितीलाही माहीत आहे. त्यामुळे अर्धवट पान घेऊन जायचं आणि समोर पुढचं काम करायचं, हे चालतं. वहिनीने रावणाची सभा दोन्ही बाजूंनी पुरी केली आणि फक्त रावणाचा अंगरखा कोरा ठेवला. मोठा, सरळ, कोपरे नसलेला अंगरखा. साहेबांनी त्यात लाल रंग भरायचा आणि घरी यायचं. एवढं जमायला आठ दिवस लागले. वहिनीने रद्दी कागदांवर अंगरख्याच्या रेषा काढून द्यायच्या आणि यांनी त्यांत रंग भरायचा. पहिल्या दिवशी रंग रेषेबाहेर गेला, दुसऱ्या दिवशी टेबलाबाहेर. कुंचलाच बरोबर नाही असं त्यांचं मत पडलं. पाचव्या दिवशी त्यांना वाटू लागलं की रंग भरणं हाच या कलेचा आत्मा आहे.

सुनावणीचा दिवस. कचेरीच्या हॉलमध्ये लांब टेबल, त्याच्यामागे समिती. मधे अधिकारीसाहेब, ज्यांना बाराला दुसऱ्या बैठकीला जायचं होतं आणि ते त्यांनी तीनदा सांगितलं. डावीकडे कारकूनबाई, समोर फायलींचा ढीग. उजवीकडे तज्ज्ञ. तज्ज्ञांबद्दल काय सांगू. गळ्यात खादीचा रुमाल, हातात जाड वही आणि कारागिराशी बोलताना वापरायचा एक वेगळाच आवाज, आजारी मांजराशी बोलतात तसा. आमच्या आधी एक बुरूड होता. त्याला त्यांनी विचारलं की टोपली विणताना तुमच्या मनात काय असतं. बुरूड म्हणाला, टोपली. हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

सहीसाहेब समोर बसले. वहिनी आणि मी मागच्या बाकावर. पान लाकडी फळीवर ठेवलेलं, पुढची बाजू वर. साहेबांनी खिशातला कुंचला काढला, तो नुसता दाखवायचा होता म्हणून परत ठेवला, आणि वहिनीने पिशवीत दिलेला खरा कुंचला घेतला. मग रंगात बुडवण्याआधी बोलायला लागले. सात पिढ्या, रक्त, रेष आपल्यातून जाते वगैरे. तज्ज्ञ मान डोलावत होते. अधिकारीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. साहेबांनी अंगरखा भरायला सुरुवात केली आणि खरं सांगते, बरा भरत होते. एका बाजूला जरासा ओघळ आला तो त्यांनी बोटाने पुसला. माझ्या शेजारी वहिनीचा श्वास मला ऐकू येत होता.

तेवढ्यात तज्ज्ञ उठले. टेबलाला वळसा घालून आले, चष्मा कपाळावर चढवला आणि पेनाच्या टोपणाने मोजायला लागले. एक, दोन, तीन. नऊपर्यंत गेले, थांबले, पुन्हा मोजलं. मग त्या मांजराच्या आवाजात म्हणाले, रावण दशमुखी असतो, नाही का, इथं एक तोंड कमी दिसतंय.

या घरातला कुणीही याला उत्तर दिलं असतं. म्हातारीने तर त्यांना चांगलं झापलं असतं, खाली बसा आणि पान उलटेपर्यंत धीर धरा म्हणून. सहीसाहेबांनी पानाकडे पाहिलं. ओठ हलवत तोंडं मोजली. आयुष्यात पहिल्यांदा मोजली असावीत. मला त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं: बायकोने घोळ घातलाय, ऐनवेळी तोंडघशी पाडलंय, आता आपणच सावरायला हवं. मग ते हसले, अगदी मोठ्या कलावंतासारखे. म्हणाले, सर, दहावं मुद्दाम ठेवलं होतं, तुमच्यासमोर काढायला.

वहिनीने माझं मनगट धरलं.

साहेबांनी काळ्या रंगात कुंचला बुडवला, फार बुडवला, आणि उजवीकडच्या शेवटच्या तोंडाच्या कानाला लागून एक गोल काढला. गोल म्हणजे बटाटा. त्यात दोन ठिपके, खाली एक आडवी रेघ, तिच्यावर मिशी. मिशी एका बाजूलाच झाली कारण दुसरीकडे जागा उरली नाही. मुकुट विसरले, मग आठवला, तर तो डोक्याच्या थोडा वर तरंगत राहिला.

तज्ज्ञ भारावून गेले. मी हे बनवून सांगत नाही. बाकीच्या नऊ तोंडांवर वहिनीने सहा दिवस घातले होते, एकेका भुवईत अकरा-बारा केस होते, आणि हा गृहस्थ त्या बटाट्यावर बोट ठेवून म्हणाला की बघा, ही खरी रेष, बाकीची तोंडं घोटून घोटून गुळगुळीत झालीत, इथं मात्र परंपरेचा मूळ उमाळा दिसतो. कारकूनबाईंना त्यांनी सांगितलं की ओळखपत्राची शिफारस लिहा. बाईंनी पेन उघडलं.

म्हणजे झालंच होतं. खोली वाचली होती. वहिनीला फक्त गप्प बसायचं होतं, जे ती बारा वर्षं बसली होती. पुढची दहा वर्षं उत्तरेची खिडकी तिची. एक पान वाया गेलं, तर दुसरं काढता आलं असतं. तिने माझं मनगट सोडलं आणि उठून टेबलापाशी गेली.

"अकरा झाली," ती म्हणाली.

तज्ज्ञांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा त्या आवाजात विचारलं की काय झालं ताई. वहिनीने फळीवरचं पान दोन्ही कडांनी धरलं, उभं केलं आणि उलटलं. ओल्या अंगरख्यातून लाल रंगाच्या चार धारा खाली आल्या आणि अधिकारीसाहेबांच्या फायलीवर पडल्या. मागच्या बाजूला दहावं तोंड होतं. एका बाजूने दिसणारं, डोळा लांब, कानात मोत्याची भिकबाळी, पापणी किंचित खाली. समोर मंदोदरीचा हात.

सगळ्यांच्या माना पानाकडे वळल्या. बोलले ते सहीसाहेब. ते पानाकडे पुढे झुकून बघत होते, इतर सगळ्यांसारखेच, नवं काहीतरी बघावं तसे. आणि खरोखरच्या कौतुकाने बायकोला म्हणाले,

"अगं, हे कधी काढलंस तू?"

कारकूनबाईंनी पेन बंद केलं.

माणूस आपल्या तोंडाने किती मरतो याची मी बरीच उदाहरणं पाहिलीत. इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं. अधिकारीसाहेबांनी फायलीवरचा रंग रुमालाने टिपत सावकाश विचारलं, की अर्जदार कोण आणि चित्र कुणाचं. साहेब म्हणाले, घराण्याचं. अधिकारी म्हणाले, घराण्याला खोली देत नाही, माणसाला देतो. मग त्यांनी सांगितलं की हा अर्ज खोटा आहे, तो फेटाळावा लागेल, आणि खोली महिनाअखेर मोकळी करायची. तज्ज्ञ एवढंच म्हणाले की मागची बाजू मूल्यमापनात धरत नाहीत. त्यांना त्या वेळी हेच महत्त्वाचं वाटलं.

मी उठले. मला हळू बोलता येत नाही, त्यामुळे बाहेरच्या रांगेतले लोकही दारात आले. नियम आम्हीच भांडून घेतलेला, त्यातलं एकेक कलम मला पाठ. सुनावणी चालू असताना, त्याच घरातलं काम करणारं दुसरं माणूस समोर असेल, तर त्याच्या नावाने अर्ज दुरुस्त करता येतो. कारकूनबाईंनी पुस्तक उघडून कलम शोधलं आणि आणखी एक ओळ वाचली, जी मी सोयीस्करपणे विसरले होते: मूळ अर्जदाराच्या लेखी संमतीने.

सगळ्यांनी सहीसाहेबांकडे पाहिलं.

आणि हा माणूस विचार करायला लागला. बायकोचे डोळे, खिडकी, बारा वर्षं, सगळं टेबलावर पडलंय, आणि हा दाढी कुरवाळतोय. म्हणाला, सातव्या पिढीचं नाव कागदावरून पुसलं जाणं बरं दिसत नाही. दोघांचं नाव नाही का लावता येणार, माझं आधी. अधिकारीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं, कारण वहिनी त्याच्याजवळ गेली होती. ती हळूच बोलली, पण मी मागेच उभी होते.

"खोली गेली की मी कुंचला ठेवणार. मग तुम्ही सही कशावर करणार?"

हा हिशेब त्याला लगेच कळला. संमतीपत्रावर त्याने सही केली, फाट्यांसकट, खालच्या फटकाऱ्यासकट. कारकूनबाईंना दुसरा कागद घ्यावा लागला, कारण पहिल्यावर शिक्क्याला जागा उरली नव्हती.

मग वहिनीला कोरा कागद दिला. वीस मिनिटं उरली होती. तिने पेन्सिल मागितली नाही. कपाळापासून गळ्यापर्यंत एका दमात एक रेष आणली, कुंचला न उचलता, आणि ती मंदोदरी झाली. डोळा आला, कान आला, उचललेला हात आला. दारातल्या रांगेतला बुरूड पुढे येऊन बघायला लागला. त्याला कुणी हटकलं नाही. तज्ज्ञांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मान लांब करून वाचलं: 'हात सफाईदार, परंतु अस्सलपणा मर्यादित.' लिहू दे. शिफारशीला दोन मतं पुरतात आणि अधिकारीसाहेबांना जायचं होतं.

कारकूनबाई एकेक रकाना विचारत गेल्या. नाव. वय. कला. किती वर्षांपासून. वहिनीने सगळं सांगितलं, आवाज न चढवता, न उतरवता. शेवटचा रकाना होता सहायकाचा. सहायक म्हणून ज्याचं नाव लागतं त्याला खोलीत बसायचा हक्क मिळतो. बाईंनी सहीसाहेबांकडे बघून पेन तयार ठेवलं. साहेबांनी केस मागे सारले.

"रिकामं ठेवा," वहिनी म्हणाली. "आधी शिकू दे त्यांना."

बाईंनी तिथं आडवी रेघ मारली.

तुम्हाला वाटेल की हा माणूस यानंतर चार दिवस तोंड लपवून बसला असेल. तोंड लपवायला ते आहे हे आधी कळावं लागतं. ते बिघडलेलं पान तज्ज्ञांनी मागून घेतलं. वहिनी म्हणाली, न्या, मी दुसरं काढीन. आता ते कचेरीच्या जिन्यात लावलंय, पुठ्ठ्यावर डकवून, काचेत घालून. खाली चिठ्ठी आहे, 'अकरावे मुख: परंपरेचा आजचा प्रश्न'. जाता-येता लोक ती वाचून गंभीर होतात. सहीसाहेब ओळखीच्या माणसांना मुद्दाम त्या जिन्याने नेतात.

वहिनी सकाळी नऊला खोली उघडते, आतून कडी घालते आणि उजेड असेपर्यंत काढते. दुपारी एकदा दार उघडून जेवते. पुढच्या पोथीची बारा पानं झालीत, आणि त्यांच्या खालच्या कोपऱ्यांत काही नाही, फक्त गवत आहे, जिथं असायला हवं तिथं.

आणि परवा सहीसाहेब माझ्याकडे आले. खुर्चीवर नीट बसले, खिशातला कुंचला सरळ केला. म्हणाले, ताई, मला स्वतंत्र ओळखपत्राचा अर्ज लिहून द्या, स्वतंत्र खोलीसाठी. बायकोचं काम चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही, पण जरा गुळगुळीत आहे. माझी शैली वेगळी आहे. तज्ज्ञांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तुम्ही होतातच. बरोबर आणलेली वही त्यांनी माझ्यासमोर उघडली. चाळीस पानं होती आणि चाळीसही पानांवर बटाटे होते. काहींना मुकुट होते.

मी सगळी पानं बघितली. एकही सोडलं नाही. मग म्हटलं, अर्ज लिहिते. पण ही वही आधी वहिनीला दाखवून या, ती काय म्हणते ते मला सांगा, मग लिहिते.

त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, बघतो.

अजून बघतायत.